फ्लाइट डिस्पॅचची नोकरी: आहे तिथे टिकावे की पुढची संधी घ्यावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा, कराड, विटा, सांगली आणि मिरज या पट्ट्यातून विमान कंपन्यांतील डिस्पॅचच्या नोकरीविषयी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते येथे एकत्र केले आहेत. मी स्वतः या कामात चौदा वर्षे काढली, त्या काळात एका कंपनीला टाळे लागताना पाहिले, आणि आता साताऱ्यात राहतो. काही उत्तरांत माझे मत मिसळलेले आहे. ते मत आहे असे तेथे म्हटले आहे.

१. डिस्पॅच म्हणजे एमआयडीसीतल्या डिस्पॅच खात्यासारखे माल पाठवण्याचे काम का?

नाही. हा प्रश्न मुलांपेक्षा त्यांचे वडील अधिक वेळा विचारतात, कारण आपल्याकडे डिस्पॅच म्हटले की कारखान्याच्या फाटकावर चलन फाडणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. फ्लाइट डिस्पॅचर उड्डाणाची आखणी करतो: हवामानाचे अहवाल आणि अंदाज वाचणे, विमानतळ व हवाई मार्गांविषयीच्या नोटॅम सूचना तपासणे, मार्ग आणि उंची ठरवणे, पर्यायी विमानतळ निवडणे आणि इंधनाचा हिशोब करणे. त्या हिशोबात प्रवासाचे इंधन, अनपेक्षित खर्चाची राखीव भर, पर्यायी विमानतळापर्यंतचे इंधन आणि जेट विमानासाठी शेवटची ३० मिनिटे हे सारे येते. विमान उडाल्यानंतरही त्याच्यावर लक्ष ठेवावे लागते. जानेवारीत दिल्लीवर धुके उतरले आणि जयपूरची पार्किंगची जागा भरत आली, की पुढचे विमान कोठे वळवायचे याचा विचार वैमानिकाच्या आधी डिस्पॅचरने केलेला असावा लागतो. अमेरिकेच्या नियमांत डिस्पॅचर आणि कॅप्टन हे दोघे उड्डाणपूर्व आखणीला संयुक्तपणे जबाबदार असतात. आपल्याकडे अंतिम निर्णय कॅप्टनचा असतो, पण चुकीचा कागद कोणी दिला हे चौकशीत विचारले जातेच.

२. कोर्स केला की परवाना हातात मिळतो का?

बहुतेक चुकीचे निर्णय या एका गैरसमजातून होतात. भारतात डिस्पॅचरची मान्यता डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमांखाली विमान कंपनीमार्फत मिळते आणि ती त्या कंपनीच्या ठरावीक प्रकारच्या विमानांशी बांधलेली असते. वर्गातील शिक्षण, परीक्षा, अनुभवी डिस्पॅचरच्या देखरेखीखालील काम आणि कॉकपिटमधून केलेले परिचय-उड्डाण या टप्प्यांनंतर ती मिळते. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार डिस्पॅचरचे किमान वय २१ वर्षे आहे. जाहिरातींत बारावीला भौतिकशास्त्र व गणित बहुधा मागितलेले असते, आणि पदवी किंवा व्यावसायिक वैमानिक परवाना असल्यास निवडीत त्याचा उपयोग होतो.

त्यामुळे एखादी खासगी संस्था काही लाख रुपये घेऊन प्रमाणपत्र देत असेल, तर ते प्रमाणपत्र निवडीला हातभार लावू शकते. मात्र केवळ त्याच्या बळावर डेस्कवर बसता येत नाही. कंपनी बदलल्यावर नव्या कंपनीत मान्यतेची प्रक्रिया पुन्हा करावी लागते. पूर्वानुभवामुळे ती लवकर आटोपते, पण चुकत नाही. पुढची बरीच उत्तरे या मुद्द्यावर उभी आहेत.

३. ही नोकरी सुरक्षित आहे का?

काम सुरक्षित आहे, कंपनी सुरक्षित असेलच असे नाही. किंगफिशरची उड्डाणे २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेजची १७ एप्रिल २०१९ रोजी, तर गो फर्स्टची मे २०२३ मध्ये. या तिन्ही कंपन्या बंद पडण्याच्या काही वर्षे आधी 'मोठ्या आणि पक्क्या' समजल्या जात होत्या. २५ मार्च ते २४ मे २०२० या दोन महिन्यांत तर देशांतर्गत प्रवासी उड्डाणेच बंद होती, आणि अनेकांना तेव्हा बिनपगारी रजेवर बसावे लागले.

याची दुसरी बाजू अशी की जोवर विमाने उडत आहेत तोवर डिस्पॅचर लागतोच, आणि एक कंपनी बंद पडल्यावर तिचे मार्ग व प्रवासी दुसऱ्या कंपन्या उचलतात तेव्हा डेस्कवरची माणसेही बरीचशी तिकडे जातात. प्रश्न मधल्या महिन्यांचा असतो. माझ्या बाबतीत ते साडेसात महिने होते, आणि त्या काळात घर आईच्या पेन्शनवर व शेतातल्या उसाच्या बिलावर चालले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

४. सध्याची कंपनी मोठी आहे. नवी कंपनी वरचे पद आणि जास्त पगार देते. काय करावे?

'कोणती कंपनी मोठी' या प्रश्नाने सुरुवात केली तर उत्तर सापडत नाही. त्याऐवजी असा विचार करावा की, आजची कंपनी उद्या बंद पडली तर मी किती आठवड्यांत दुसऱ्या डेस्कवर बसू शकेन, आणि नव्या जागी दोन वर्षे काढल्यावर हाच आकडा कमी होईल की वाढेल. जो डिस्पॅचर सहा वर्षे केवळ एअरबस ए३२० वर देशांतर्गत मार्ग करत आहे, त्याच्यासारखी माणसे बाजारात पुष्कळ आहेत. ज्याने रुंद बांध्याची विमाने, समुद्रावरचे लांब मार्ग आणि दूरच्या पर्यायी विमानतळांचे नियम हाताळले आहेत, तशी माणसे थोडी आहेत. म्हणून पगार थोडा कमी असला तरी नवा विमानप्रकार किंवा आंतरराष्ट्रीय डेस्क देणारी जागा माझ्या मते अधिक स्थिर असते, जरी नेमणूकपत्रावर छापलेले नाव लहान असले तरी.

२४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचे हवाई क्षेत्र भारतीय विमानांना बंद झाले, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणारे मार्ग लांबले, काही उड्डाणांना वाटेत इंधनासाठी थांबावे लागले आणि प्रत्येक आराखड्यात इंधन, वजन व वैमानिकांचे ड्यूटीचे तास यांचा मेळ नव्याने घालावा लागला. त्या महिन्यांत आंतरराष्ट्रीय डेस्कवर असलेल्या माणसाने जे शिकून घेतले, ते एरवी दोन वर्षांतही मिळाले नसते.

मात्र 'वरचे पद' या शब्दाची नीट चौकशी करावी. शिफ्ट मॅनेजर किंवा ड्यूटी मॅनेजर झाल्यावर प्रत्यक्ष आराखडे करणे थांबते, आणि काम थांबले की मान्यता चालू ठेवण्याची अट अडचणीत येते (प्रश्न १२ पाहा). अशी बढती स्वीकारताना महिन्याला काही शिफ्ट डेस्कवर करण्याची मुभा लेखी मागून घ्यावी. मी ती मागितली नव्हती. कंपनी बंद पडली तेव्हा माझ्याकडे पदनाम होते आणि चालू मान्यता नव्हती. माझ्या हाताखाली शिकलेली दोन मुले माझ्या आधी नोकरीला लागली.

पहिली दोन-तीन वर्षे जागा बदलू नये, असेही माझे मत आहे. एक हिवाळ्याचे धुके आणि एक मुंबईचा पावसाळा म्हणजे अनुभव नव्हे. दोन्ही किमान दोनदा पाहिलेले असावेत. त्यानंतर बदलायचे असेल तर आधी आपल्याच कंपनीत आंतरराष्ट्रीय डेस्क किंवा प्रशिक्षकाचे काम मिळते का ते विचारावे, कारण तेथे मान्यता नव्याने उभी करावी लागत नाही.

५. एखादी कंपनी डळमळीत आहे हे आधी कसे ओळखावे?

डिस्पॅचरला हे वर्तमानपत्रांच्या आधी कळू शकते, फक्त दिसलेल्या गोष्टींचा अर्थ लावायची तयारी हवी. इंधन पुरवठादार उधारी बंद करून रोख मागू लागला, की एखाद्या विमानतळावर इंधन भरायचेच टाळून दुसरीकडून जास्तीचे भरून आणण्याचे आदेश येऊ लागतात. किमतीतल्या फरकामुळे असे इंधन वाहणे नेहमीचे असते. पण जेथे इंधन स्वस्त आहे तेथेच ते भरू नका असे सांगितले जाते तेव्हा कारण वेगळे असते. विमाने आठवडेच्या आठवडे उभी राहतात, एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला बसवला जातो, आणि 'तांत्रिक कारण' हा शेरा रोजचा होतो. गो फर्स्टच्या बाबतीत इंजिनांअभावी निम्म्याच्या आसपास विमाने जमिनीवर होती, हे तिने स्वतःच दिवाळखोरीच्या अर्जाच्या वेळी सांगितले होते.

बाहेरून येणाऱ्या माणसासाठी सर्वांत सोपी खूण भविष्य निर्वाह निधीची आहे. त्या कंपनीत काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाला त्याचे पीएफ पासबुक उघडून शेवटचा हप्ता कोणत्या महिन्याचा जमा झाला आहे ते पाहायला सांगावे. पगारातून कापलेली रक्कम तीन महिने भरली गेली नसेल, तर बढतीचे पत्र कितीही देखणे असले तरी सही करू नये.

६. बाँड भरून दिला आहे, आणि नोटीसही तीन महिन्यांची आहे. सुटता येते का?

येते, पण फुकट नाही. प्रशिक्षणाचा खर्च वसूल करण्यासाठी घेतलेला वाजवी बाँड न्यायालये सरसकट अवैध ठरवत नाहीत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक क्षेत्रातील एका बँकेच्या प्रकरणात ३ वर्षांची सेवा किंवा २ लाख रुपये ही अट वैध मानली. त्याच वेळी करारात लिहिलेली रक्कम म्हणजे आपोआप वसुली असाही अर्थ नाही. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार वाजवी भरपाई मिळते आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते. नव्या कंपनीशी बोलताना ही रक्कम ती भरणार का, हे पगाराच्या आधी विचारावे.

सहा महिने किंवा एक वर्षाच्या नोटीशीचा जो नियम ऐकिवात येतो, तो अनुक्रमे सहवैमानिक व कमांडर यांच्यासाठी डीजीसीएने २०१७ मध्ये केलेला आहे. डिस्पॅचरला त्याच्या नेमणूकपत्रातली मुदत लागू होते.

७. कंपनी बंद पडली तर थकीत पगार आणि पीएफ बुडतो का?

या दोन रकमांचे भवितव्य वेगवेगळे असते. पीएफ, पेन्शन व ग्रॅच्युइटी निधीतील कर्मचाऱ्यांचे पैसे दिवाळखोरी संहितेच्या कलम ३६ नुसार कंपनीच्या लिलावात काढायच्या मालमत्तेत धरले जात नाहीत. जेट एअरवेजच्या कर्मचाऱ्यांच्या पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये कायम ठेवला. थकीत पगार मात्र रांगेत उभा राहतो. कलम ५३ नुसार कामगारांची आधीच्या २४ महिन्यांची देणी तारणधारक बँकांच्या बरोबरीने येतात, तर इतर कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची देणी त्यांच्यानंतर. डिस्पॅचर 'कामगार' या व्याख्येत बसतो की नाही हे पदनामावरून नव्हे, तर प्रत्यक्ष कामाच्या स्वरूपावरून ठरते, म्हणून ड्यूटीचे रोस्टर आणि पगारपत्रके घरी जपून ठेवावीत.

वेळ किती लागतो, हे जेटच्याच उदाहरणावरून पाहावे: उड्डाणे एप्रिल २०१९ मध्ये थांबली आणि कंपनी अवसायनात काढण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश ७ नोव्हेंबर २०२४ रोजी झाला. या पैशांच्या भरवशावर घराचा हप्ता ठरवू नये.

८. पाच वर्षे पूर्ण व्हायला चार महिने आहेत. ग्रॅच्युइटीसाठी थांबावे का?

हिशोब मांडून ठरवावे. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून ४०,००० रुपये असेल, तर १५ दिवस भागिले २६ या सूत्राने एका वर्षाचे सुमारे २३,०७७ आणि पाच वर्षांचे सुमारे १,१५,३८५ रुपये होतात. नव्या जागी पगारवाढ महिना १५,००० असेल, तर चार महिन्यांत ६०,००० रुपयेच अधिक मिळतील, म्हणजे थांबणे फायद्याचे ठरते, अर्थात ती जागा तेवढे थांबणार असेल तरच. चार वर्षे आणि २४० दिवस पुरेसे आहेत असे काही न्यायनिर्णय आहेत, परंतु त्या आधारे पैसे मिळवायला भांडावे लागू शकते. ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमुळे एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो.

९. आई-वडील साताऱ्यात एकटे आहेत. घराजवळ, पुण्यात किंवा कोल्हापुरात हे काम मिळेल का?

फारच थोडे. डिस्पॅचचे काम विमानतळागणिक न विखुरता कंपनीच्या मध्यवर्ती नियंत्रण केंद्रातून चालते, आणि इंडिगो व एअर इंडिया या दोन मोठ्या कंपन्यांची केंद्रे गुरुग्राममध्ये आहेत. आपल्या भागाशी नाते सांगणारी स्टार एअर ही सांगली-कोल्हापूर रस्त्यावरील अतिग्रेच्या संजय घोडावत समूहाची कंपनी. पण तिचाही संचालनाचा तळ बेंगळुरूत आहे. लोहगाव किंवा उजळाईवाडीच्या विमानतळांवर मिळणारे काम बहुतांशी ग्राउंड हँडलिंगचे असते. ते वाईट नाही, मात्र त्याला डिस्पॅच समजून रुजू होऊ नये.

गावापासून लांब राहणे आपल्याकडे नवे नाही. विटा-खानापूरचे गलाई (सोने-चांदी गाळणारे) कारागीर देशाच्या कानाकोपऱ्यांत संसार थाटून बसले आहेत आणि सणावाराला घरी येतात. अडचण पाळीची आहे. गोवा एक्स्प्रेसने दिल्लीहून सातारा गाठायला जवळजवळ सगळी सुट्टी खर्ची पडते, आणि दिवाळी-गणपतीत तर वाहतूक वाढल्यामुळे डेस्कवरच माणसे हवी असतात. वडिलांच्या ऑपरेशनच्या दिवशी मी रात्रपाळीत होतो. कर्मचाऱ्यांना मिळणारे सवलतीचे तिकीट जागा रिकामी असेल तरच चालते, हेही घरच्यांना आधी सांगून ठेवावे.

१०. आखाती देशात जावे का? अमेरिकेचे प्रमाणपत्र उपयोगी पडते का?

आखातात मोठे विमानताफे, लांब मार्ग आणि करमुक्त पगार आहेत, पण तेथे जाणाऱ्याला वरिष्ठ अनुभव लागतो. संयुक्त अरब अमिरातीत पीएफऐवजी नोकरी संपताना ग्रॅच्युइटी मिळते: पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा आणि त्यानंतर ३० दिवसांचा मूळ पगार. व्हिसा नोकरीशी बांधलेला असल्याने तेथे नोकरी जाणे म्हणजे मुदतीत दुसरी मिळाली नाही तर देश सोडणे. हा धोका प्रश्न ३ मधल्या साडेसात महिन्यांहून कठीण आहे.

अमेरिकेच्या एफएए (तेथील विमान वाहतूक नियामक संस्था) प्रमाणपत्रासाठी किमान २०० तासांचे प्रशिक्षण, लेखी परीक्षा आणि तोंडी-प्रात्यक्षिक परीक्षा असते. परीक्षा २१ व्या वर्षी देता येते, प्रमाणपत्र २३ व्या वर्षी मिळते. ते बायोडेटाला वजन देते. अमेरिकेत काम करण्याचा हक्क मात्र देत नाही. कर्ज काढून, एकही दिवस डेस्कवर न बसता ते करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

११. मी हवाई दलातून निवृत्त होत आहे. चाळिशीत सुरुवात करणे शहाणपणाचे आहे का?

अपशिंग्यापासून मिरजेपर्यंत हा प्रश्न अनेक घरांतून येतो. मेट असिस्टंट (हवामान खात्यातला) किंवा ऑप्स असिस्टंट (उड्डाण संचालनातला) म्हणून काम केलेल्या माणसाला हवामान आणि नोटॅम वाचायला शिकवावे लागत नाही, आणि पाळीची सवय असते. ज्याला पेन्शन सुरू आहे त्याने धोका अधिक घ्यायला हरकत नसते, म्हणून प्रश्न ४ मधला 'लहान कंपनी पण नवा विमानप्रकार' हा पर्याय त्याला सर्वांत जास्त मानवतो. अडचण असते ती पंचविशीतल्या वरिष्ठाचे ऐकण्याची. ती ज्याची त्याने ओळखावी.

१२. बाळंतपण किंवा घरच्या आजारपणामुळे खंड पडला तर मान्यता जाते का?

आंतरराष्ट्रीय मानकांनुसार सलग १२ महिने ड्यूटी न केलेल्या डिस्पॅचरला, पुन्हा पात्रता सिद्ध केल्याशिवाय काम देता येत नाही, आणि आपल्या क्षेत्रातले किमान एकेरी परिचय-उड्डाणही मागच्या १२ महिन्यांत झालेले असावे लागते. मातृत्व रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची असल्याने ती या मर्यादेत बसते. तिला जोडून बिनपगारी रजा घेताना तारखा मोजाव्यात. कंपनीची स्वतःची अट अधिक कडक असू शकते. खंड अटळ असेल तर राजीनाम्याऐवजी रजा घ्यावी, कारण राजीनाम्याने मान्यतेचा कंपनीशी असलेला धागाच तुटतो (प्रश्न २).

१३. डिस्पॅचपेक्षा एटीसीची (हवाई वाहतूक नियंत्रकाची) सरकारी परीक्षा द्यावी का?

वय २७ च्या आत असेल आणि भौतिकशास्त्र-गणितासह बी.एस्सी. किंवा अभियांत्रिकीची पदवी असेल, तर भारतीय विमानतळ प्राधिकरणाची कनिष्ठ कार्यकारी परीक्षा अवश्य द्यावी. ४०,००० ते १,४०,००० ही वेतनश्रेणी आणि टिकाऊपणा यांच्याशी कोणतीही विमान कंपनी स्पर्धा करू शकत नाही. बदली देशभर होते. डिस्पॅचची नोकरी करत असताना ही परीक्षा देता येते, उलट मात्र फारसे कोणी करत नाही.

१४. कंपनीचे दुसऱ्या कंपनीत विलीनीकरण होत आहे. आधीच बाहेर पडावे का?

घाई करू नये. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, त्याआधी १ ऑक्टोबरला एआयएक्स कनेक्ट (पूर्वीची एअरएशिया इंडिया) एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये. अशा वेळी दोन नियंत्रण केंद्रांचे एक होते, त्यामुळे डेस्कवरच्या साध्या जागांपेक्षा पर्यवेक्षकांच्या जागा अधिक कमी होतात. ज्येष्ठता कोणत्या तारखेपासून धरणार, आधीची सेवा ग्रॅच्युइटीसाठी सलग मानणार का आणि रुजू होण्याचे शहर कोणते, ही तीन उत्तरे लेखी मिळेपर्यंत राजीनामा देऊ नये आणि इतरत्र मुलाखतीही थांबवू नयेत.

१५. हे काम संगणक करू लागला तर?

मार्ग आणि इंधनाचे गणित संगणक कधीचाच करतो. ७ मे २०२५ नंतर उत्तर व पश्चिम भारतातील ३२ विमानतळ अचानक बंद झाले, तेव्हा कोणते उड्डाण रद्द करायचे आणि कोणते वळवायचे हे माणसांनी बसून ठरवले. एका माणसाकडे सोपवलेल्या उड्डाणांची संख्या मात्र वाढत जाईल, आणि नव्या कंपनीच्या मुलाखतीत एका पाळीत किती उड्डाणे हाताळावी लागतात हे जरूर विचारावे.

१६. आम्ही नवरा-बायको दोघेही एकाच विमान कंपनीत आहोत. संधी दोघांनाही आली आहे.

एकाने जावे. दोघांचे पगार, पीएफ आणि सवलतीची तिकिटे एकाच कंपनीवर अवलंबून असणे हा घरासाठी सर्वांत मोठा धोका आहे, आणि त्यातल्या एकाचे काम डिस्पॅचचे, तर दुसऱ्याचे केबिन क्रू किंवा तिकीट खात्याचे असेल, तर डिस्पॅचरने जावे, कारण प्रश्न ४ मध्ये सांगितल्याप्रमाणे नव्या विमानप्रकाराचा लाभ त्यालाच मिळतो. दोघेही डिस्पॅचर असतील, तर ज्याचा बाँड आधी संपतो त्याने.